पॉट्सव्हिल मरून्स आणि १९२५चं विजेतेपद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉट्सव्हिल मरून्स हा संघ नक्की कुठला?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाच्या वायव्येला साधारण दीडशे किलोमीटरवर पॉट्सव्हिल हे कोळशाच्या खाणपट्ट्यातलं गाव आहे. १९२०च्या जनगणनेत त्याची वस्ती बावीस हजारांच्या आत भरली होती. मरून्स हा या गावाचा अमेरिकन फुटबॉल संघ. १९२० मध्ये तो गावातल्या पोरांनी उभा केला आणि १९२५ मध्ये तो नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये गेला. पहिल्याच हंगामात त्याने शिकागोच्या तगड्या संघाला त्याच्याच मैदानावर लोळवलं आणि गुणतक्त्यात पहिला नंबर गाठला. त्यानंतर आठवडाभरात लीगने त्याला निलंबित केलं आणि विजेतेपद हातचं गेलं. १९२९चा हंगाम संपता संपता संघही संपला. भांडण मात्र संपलेलं नाही. त्या विजेतेपदावर लीगमधल्या संघांच्या मालकांनी शेवटचं मतदान केलं ते २००३ मध्ये.

फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तोच ना?

नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं, फेकायचा, आणि समोरच्याने अंगावर येऊन आडवं पाडायचं. एका बाजूला अकरा खेळाडू, मैदान शंभर यार्डांचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो, नाहीतर तो समोरच्यांना मिळतो. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेलात की टचडाउन, त्याचे सहा गुण. त्यानंतर मिळणाऱ्या जादा प्रयत्नाचा एक गुण. आणि लाथेने चेंडू दोन खांबांमधून पार केला तर फील्ड गोल, त्याचे तीन. पुढची गोष्ट कळायला एवढं पुरे.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. आज आक्रमणाचे खेळाडू वेगळे आणि बचावाचे वेगळे असतात. १९२५ मध्ये तेच अकरा जण दोन्ही करत. डोक्याला चामड्याची टोपी असे, आणि तीही सक्तीची नव्हती.

संघाला 'अर्धव्यावसायिक' म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

म्हणजे खेळायचे पैसे मिळतात, पण तेवढ्यावर घर चालत नाही. आठवडाभर खाणीत, कारखान्यात, शाळेत किंवा दुकानात काम करायचं आणि रविवारी मैदानात उतरून ठरलेली रक्कम खिशात घालायची. मुंबईत टाइम्स शील्डसाठी गिरण्या, बँका आणि कंपन्या चांगल्या क्रिकेटपटूंना नोकरी देऊन आपल्या संघात ठेवत, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रकार लगेच उमजेल.

अमेरिकेत याची सुरुवात फार जुनी आहे. १८९२ मध्ये पिट्सबर्गच्या एका क्लबने पज हेफेलफिंगर नावाच्या खेळाडूला एका सामन्याचे ५०० डॉलर मोजले, आणि पैसे घेऊन खेळलेला पहिला खेळाडू म्हणून आज त्याचंच नाव सांगितलं जातं. त्यानंतरची तीसेक वर्षं पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोतल्या गावोगावी असे संघ निघत आणि बुडत राहिले. गावातले चार पैसेवाले एकत्र यायचे, शेजारच्या गावाला हरवण्यासाठी बाहेरून दोन नावाजलेले गडी आणायचे, आणि हंगाम संपला की हिशेबात तूट निघायची.

एनएफएलसुद्धा याच चिखलातून वर आली. १७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायोतल्या कँटन गावात राल्फ हे या मोटारविक्रेत्याच्या शोरूममध्ये बैठक भरली आणि तिथे लीग स्थापन झाली. नॅशनल फुटबॉल लीग हे नाव पडलं १९२२ मध्ये. त्या काळी लीगमध्ये असणं आणि अर्धव्यावसायिक असणं यांत पक्की भिंत नव्हती. मरून्सची सगळी कहाणी ही भिंत बांधली जात असतानाची आहे, आणि ती नीट समजली नाही तर बाकीचं भांडण निव्वळ तक्रारीसारखं वाटतं.

संघ सुरू कसा झाला?

अग्निशमन दलातून. पॉट्सव्हिलच्या यॉर्कव्हिल होज कंपनीच्या, म्हणजे आग विझवायला धावणाऱ्या स्वयंसेवकांच्या, मंडळींचा हा संघ. सुरुवातीला नाव होतं नुसतं 'पॉट्सव्हिल इलेव्हन'. आसपासच्या प्रत्येक कोळसागावाचा आपापला संघ होता आणि सामन्यांत हाणामारीला तोटा नसे. १९२४ मध्ये यांतल्या काही गावांनी मिळून अँथ्रासाइट लीग काढली. अँथ्रासाइट म्हणजे कठीण, चकचकीत, कमी धुराचा दगडी कोळसा. पॉट्सव्हिलबरोबर कोलडेल, शेनँडोआ, गिल्बर्टन आणि विल्क्स-बॅरे हे संघ होते. ती लीग एका हंगामात आटोपली, आणि ती पॉट्सव्हिलने जिंकली.

'मरून्स' हे नाव कुठून आलं?

जर्सीच्या रंगावरून. खेळाचं सामान विकणाऱ्या जो झॅको यांच्याकडे जर्सींची मागणी गेली, रंग कोणताही चालेल म्हणून. आल्या त्या तपकिरीकडे झुकणाऱ्या गडद लाल रंगाच्या. तेच नाव झालं. झॅको यांचं नाव लक्षात ठेवा. पुढे कित्येक वर्षं हरवलेल्या विजेतेपदासाठी पत्रं लिहिणारा आणि अर्ज करणारा माणूस तोच.

संघाचा मालक कोण होता?

डॉ. जॉन स्ट्रीगल, गावातले शल्यचिकित्सक. १९२४ मध्ये त्यांनी संघ हाती घेतला. त्यांनी कॉलेजात नाव कमावलेले खेळाडू आणले, आणि १९२५ला प्रशिक्षक म्हणून पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळलेल्या डिक राउच यांना बोलावलं. राउच स्वतः मैदानातही उतरत. खेळाडूंनी हंगामभर गावातच राहायचं आणि रोज सराव करायचा, असा दंडक त्यांनी घातला. आज यात नवल वाटणार नाही. पण तेव्हाच्या बऱ्याच संघांचे खेळाडू सामन्याच्या सकाळी रेल्वेतून उतरत आणि डावपेच फलाटावर ठरत. मरून्स इतक्या झटपट वर आले त्याचं मोठं कारण मला हा रोजचा सराव वाटतो. पैसा इतर संघांकडेही होता.

एवढ्याशा गावाला एनएफएलने घेतलंच कसं?

रविवारमुळे.

पेनसिल्व्हेनियात १७९४ चा एक कायदा होता. रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी खेळ-तमाशे बंद. फिलाडेल्फियात तो कडक पाळला जाई. त्या शहरात फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स हा एनएफएलचा दणदणीत संघ होता, पण घरचे सामने त्याला शनिवारीच खेळावे लागत. कोळशाच्या पट्ट्यात मात्र या कायद्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. खाणकामगाराला सुट्टी ती एकच, आणि त्या दिवशी त्याला घरात बसवायची पोलिसांचीही इच्छा नव्हती.

आता बाहेरगावच्या संघाचा हिशेब पाहा. शिकागो किंवा क्लीव्हलँडहून एवढा रेल्वेखर्च करून यायचं, तर शनिवारी फ्रँकफर्डशी खेळायचं आणि रविवारी पॉट्सव्हिलला येऊन दुसरी कमाई करायची. एका तिकिटात दोन सामने. लीगला हे सोयीचं होतं. पॉट्सव्हिलच्या फायद्याचंही होतं, कारण समोरचा संघ आदल्या दिवशीच फ्रँकफर्डकडून ठोकून घेऊन, सुजलेल्या गुडघ्यांनी येई. मरून्सच्या चाहत्यांना ही गोष्ट सांगितलेली आवडत नाही, पण तिचा वाटा मान्य करावा लागतो.

घरचे सामने शेजारच्या मायनर्सव्हिलमधल्या मैदानावर होत. मैदान शाळेच्या दर्जाचं, प्रेक्षक मावायचे पाचेक हजार.

संघातले मोठे खेळाडू कोण?

माझ्या लेखी पहिलं नाव टोनी लॅटोन. लिथुआनियाहून आलेल्या कुटुंबातला, वडील गेल्यावर अकराव्या वर्षी खाणीत कामाला लागलेला. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि एनएफएलमध्ये तेव्हा अशी माणसं मोजकीच होती. कोळशाच्या गाड्या ढकलून त्याचे पाय असे तयार झाले होते की त्याला आडवं पाडायला दोघं-तिघं लागत. लोकांनी त्याला 'मानवी तोफ' म्हणायला सुरुवात केली.

चार्ली बेरी हा संघाचा कर्णधार. १९२५ मध्ये त्याने ७४ गुण केले, लीगमध्ये सर्वांत जास्त. याच माणसाने मोठ्या लीगमध्ये बेसबॉलही खेळला आणि पुढे दोन्ही खेळांत पंचगिरी केली. १९५८ मध्ये बेसबॉलची अंतिम मालिका, म्हणजे वर्ल्ड सीरिज, आणि एनएफएलचा अंतिम सामना या दोन्हींत तो पंच होता. वॉल्टर फ्रेंच हाही बेसबॉलवाला, फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सचा. जॅक अर्न्स्ट क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा डाव चालवणारा. बार्नी वेंट्झ तर शेजारच्या शेनँडोआचा, म्हणजे घरचाच गडी.

१९२५ मध्ये खाणकामगारांचा संप होता ना? मग सामने कसे चालले?

हो, आणि या प्रश्नाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. १ सप्टेंबर १९२५ला अँथ्रासाइट खाणींतल्या दीड लाखाहून अधिक कामगारांनी काम थांबवलं. संप मिटला फेब्रुवारी १९२६ मध्ये. म्हणजे मरून्सचा तो गाजलेला हंगाम सुरू होण्याआधी खाणी बंद पडल्या आणि तो संपून दोन महिने होईपर्यंत बंदच राहिल्या. घरात पगार नाही, हातात वेळच वेळ, आणि गावाचा संघ एकामागून एक शहरांना हरवतोय. विजेतेपद काढून घेतल्याचा राग पिढ्यान्‌पिढ्या का टिकला, याचं उत्तर मला खेळापेक्षा त्या हिवाळ्यात जास्त सापडतं.

हंगाम कसा गेला?

बफेलोला २८-० ने हरवून सुरुवात झाली. लगेच प्रॉव्हिडन्स स्टीम रोलरकडून ०-६ अशी हार. मग कँटनवर २८-०. कँटन बुलडॉग्ज म्हणजे १९२२ आणि १९२३ चे विजेते, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. नोव्हेंबरच्या मध्यावर फ्रँकफर्डने फिलाडेल्फियात मरून्सना २०-० असं धुतलं. महिना संपायच्या आत मरून्सनी परतफेड केली ती ४९-० ने. मधल्या काळात ग्रीन बे पॅकर्सना ३१-० ने घरी पाठवलं होतं.

६ डिसेंबरला शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये, कडाक्याच्या थंडीत, गाठ पडली शिकागो कार्डिनल्सशी. तोवर कार्डिनल्स फक्त एक सामना हरले होते. निकाल: पॉट्सव्हिल २१, शिकागो ७. मरून्सचे दहा विजय आणि दोन पराभव झाले, कार्डिनल्सचे नऊ विजय, दोन पराभव आणि एक बरोबरी. वर्तमानपत्रांनी मरून्स विजेते ठरल्याच्या बातम्या छापल्या.

मग ते विजेते का नाहीत?

दोन कारणं, आणि लोक ती एकमेकांत कालवतात.

पहिलं कारण तांत्रिक. तेव्हा एनएफएलमध्ये अंतिम सामना नावाची गोष्टच नव्हती. लीग वेळापत्रकही आखत नसे. संघ आपसांत सामने ठरवत, आणि हंगामअखेर ज्याची विजयांची टक्केवारी सर्वांत जास्त तो विजेता. बरोबरीचे सामने धरत नसत. १९२५चा हंगाम २० डिसेंबरपर्यंत चालणार होता. म्हणजे ६ डिसेंबरचा सामना अंतिम असल्यासारखा गाजला तरी कागदावर तो अंतिम नव्हता. कार्डिनल्सना आणखी सामने खेळायची मुभा होती, आणि ते खेळले.

दुसरं कारण म्हणजे नोटर डेमचा सामना.

नोटर डेमचा सामना काय होता?

नोटर डेम हे इंडियाना राज्यातलं कॅथलिक विद्यापीठ. प्रशिक्षक क्नूट रॉकनी यांच्या हाताखाली त्यांच्या संघाने १९२४चा हंगाम अजिंक्य राहून काढला आणि १ जानेवारी १९२५च्या रोझ बोलमध्ये, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात, स्टॅनफर्डला २७-१० ने हरवलं. त्या संघातल्या स्टुलड्रेहर, क्रॉली, मिलर आणि लेडन या चौघांना देश 'फोर हॉर्समेन', म्हणजे चार घोडेस्वार, म्हणून ओळखत होता. तेव्हा कॉलेजचा फुटबॉल म्हणजे खरा फुटबॉल, आणि पैसे घेऊन खेळणारे म्हणजे भाडोत्री, असा सर्वसाधारण समज होता.

कॉलेज सोडलेल्या या मंडळींचा एक संघ फिलाडेल्फियात व्यावसायिक संघाशी खेळणार होता. १२ डिसेंबरला, शाइब पार्कवर, ती संधी मरून्सना मिळाली. नोटर डेमवाल्यांनी आधी टचडाउन आणि जादा गुण मिळवून ७-० केले. लॅटोनने टचडाउन केला, पण जादा गुण हुकला, म्हणून ७-६. अगदी शेवटी चार्ली बेरीने फील्ड गोल मारला. ९-७.

अपेक्षेपेक्षा गर्दी मात्र बरीच कमी झाली. ज्या कमाईसाठी एवढा धोका पत्करला ती हाती लागलीच नाही.

यात गुन्हा कुठे घडला?

एनएफएलमध्ये प्रत्येक संघाचा स्वतःचा इलाखा होता. फिलाडेल्फिया फ्रँकफर्डचा इलाखा. दुसऱ्या संघाने तिथे, फ्रँकफर्डच्या संमतीशिवाय, तिकिटं लावून सामना खेळायचा नाही. त्यात त्याच दिवशी त्याच शहरात फ्रँकफर्डचा क्लीव्हलँडशी स्वतःचा सामना होता. फ्रँकफर्डने तक्रार केली. लीगचे अध्यक्ष जो कार यांनी पॉट्सव्हिलला आधीच बजावलं होतं की खेळाल तर निलंबित व्हाल. सामना झाला, आणि कार यांनी शब्द पाळला: ५०० डॉलर दंड, संघाचे सगळे हक्क स्थगित, दुसऱ्या दिवशी प्रॉव्हिडन्सशी असलेला सामना रद्द.

पॉट्सव्हिलची बाजू काय?

डॉ. स्ट्रीगल शेवटपर्यंत सांगत राहिले की लीगच्या कचेरीतून आपल्याला टेलिफोनवर परवानगी मिळाली होती. कार तेव्हा आजारी होते आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस काम पाहत होता. लेखी काही नाही. तोंडी परवानगीचं जे सगळीकडे होतं तेच इथे झालं.

कार हे खलनायक नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. लीग त्यांच्या हाती १९२१ मध्ये आली. वेळ ठरवून न येणारे संघ, दुसऱ्याचे खेळाडू पळवणारे मालक, खोट्या नावाने खेळणारे कॉलेजकुमार, अशा बजबजपुरीला त्यांना नियमात बसवायचं होतं. इलाख्याचा नियम पाळला गेला नाही तर संघ विकत घ्यायला कुणी पैसेवाला पुढे आला नसता.

शाळकरी मुलांची भानगड काय आहे?

या प्रकरणातला हा सर्वांत लाजिरवाणा भाग, आणि त्यात पॉट्सव्हिलचा काडीचा संबंध नाही.

६ डिसेंबरच्या पराभवानंतर कार्डिनल्सचे मालक क्रिस ओ'ब्रायन यांनी घाईघाईने दोन सामने ठरवले. १० तारखेला मिल्वॉकी बॅजर्सशी आणि १२ला हॅमंड प्रोजशी. दोन्ही दुबळे संघ. मिल्वॉकीचे खेळाडू तर हंगाम संपला म्हणून पांगले होते. अकरा जण जमेनात, तेव्हा कार्डिनल्सच्याच एका खेळाडूच्या मध्यस्थीने शिकागोच्या एंगलवुड हायस्कूलमधली चार मुलं खोट्या नावांनी मिल्वॉकीतर्फे उभी करण्यात आली. कार्डिनल्स ५९-० ने जिंकले. हॅमंडलाही त्यांनी १३-० ने हरवलं.

ओ'ब्रायन यांचा डोळा बहुतेक विजेतेपदावर कमी आणि रेड ग्रेंजवर जास्त असावा. ग्रेंज हा त्या वर्षीचा सर्वांत मोठा तारा. कॉलेजचा हंगाम संपताच तो शिकागो बेअर्सला मिळाला, आणि थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकन सणाच्या, दिवशी त्याचा पहिला सामना कार्डिनल्सशीच झाला. ०-० असा सुटलेला तो सामना पाहायला छत्तीस हजार लोक आले होते. अशी गर्दी पुन्हा जमवायची तर आपला संघ विजेतेपदाच्या शर्यतीत दिसायला हवा.

प्रकरण उघडकीला आल्यावर लीगने ओ'ब्रायन यांना दंड केला, मिल्वॉकीच्या मालकाला संघ विकायला लावलं आणि मध्यस्थी करणाऱ्या खेळाडूवर बंदी घातली.

आकड्यांनी पाहिलं तर कोण पुढे?

अधिकृत नोंद अशी: कार्डिनल्स ११ विजय, २ पराभव, १ बरोबरी. टक्केवारी .८४६, म्हणजे शेकडा ८४.६. पॉट्सव्हिल १० विजय, २ पराभव, .८३३.

आता शाळकरी मुलांचा तो सामना वजा करा. कार्डिनल्सचे उरतात १० विजय आणि २ पराभव. टक्केवारी .८३३. तंतोतंत बरोबरी! आणि बरोबरीतल्या दोघांमध्ये समोरासमोरचा सामना कुणी जिंकला होता, ते वर आलंच आहे. तो सामना नोंदीतून कधी काढला गेला नाही. माझ्या दृष्टीने वादाचं खरं मूळ इथे आहे, फिलाडेल्फियात नाही. आणि तरीही दरवेळी चर्चा फिलाडेल्फियाचीच होते.

कार्डिनल्सनी विजेतेपद आनंदाने स्वीकारलं का?

नाही. मालकांच्या बैठकीत ते पुढे करण्यात आलं तेव्हा ओ'ब्रायन यांनी ते घ्यायला नकार दिला. ज्या संघाने आपल्याला हरवलं त्याच्या डोक्यावरचा मुकुट आपण कसा घालायचा, हा त्यांचा सूर. त्या वर्षी विजेतेपद रीतसर कुणालाच दिलं गेलं नाही. १९३०च्या दशकात संघ चार्ल्स बिडविल यांच्याकडे गेला, आणि त्यानंतर १९२५चं विजेतेपद आपलंच, असं संघ म्हणू लागला. आज लीगच्या नोंदवहीत कार्डिनल्सचं नाव आहे.

तुमच्या मते विजेता कोण?

मैदानावर पॉट्सव्हिल. नियमावर बोट ठेवलं तर लीगला निलंबनाचा अधिकार होता, हेही खरं. पण निलंबन ही इलाखा मोडल्याची शिक्षा होती. आधी जिंकलेले सामने त्याने पुसले गेले नाहीत, ते आजही नोंदीत आहेत. मग टक्केवारी कुणी आणि कशी वर नेली, एवढाच प्रश्न उरतो. मी दोघांना संयुक्त विजेतेपद दिलं असतं. हे ऐकून पॉट्सव्हिलची माणसं चिडतात.

नोटर डेमवरच्या विजयाने व्यावसायिक फुटबॉलला प्रतिष्ठा मिळाली, हे खरं का?

गावाच्या अभिमानातून फुगवलेलं आहे. विजय मोठा होता, आणि पैसे घेणारे खेळाडूही कॉलेजच्या दैवतांना हरवू शकतात हे दिसलं. पण त्या महिन्यात व्यावसायिक फुटबॉल देशाच्या तोंडी होता तो ग्रेंजच्या दौऱ्यामुळे. न्यू यॉर्कला त्याला पाहायला जी गर्दी लोटली तिच्यापुढे शाइब पार्कमधली गर्दी काहीच नाही.

निलंबनानंतर संघाचं काय झालं?

काही महिन्यांतच परत घेतलं. प्रेमापोटी नाही. ग्रेंजचा व्यवस्थापक सी. सी. पाइल याने १९२६ मध्ये स्वतःची वेगळी लीग काढली होती, आणि मरून्स तिकडे गेले असते. १९२६ला मरून्सनी दहा सामने जिंकले, दोन हरले, दोन बरोबरीत सोडवले आणि तिसरा क्रमांक मिळवला. पुढच्या वर्षी एनएफएलने छाटणी केली. २२ संघांचे १२ झाले. छोटी गावं पटापट गळाली. पॉट्सव्हिल त्यातूनही वाचलं, पण खेळ उतरणीला लागला. १९२८ला जॉनी ब्लड, वॉल्ट कीसलिंग आणि पीट हेन्री असे पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत, गेलेले तिघे संघात होते, आणि तरी दहांपैकी दोनच सामने जिंकता आले. १९२९ला संघ बॉस्टनला हलवला, बुलडॉग्ज नावाने. एका हंगामात तोही बंद.

विजेतेपद परत मिळवण्याचे प्रयत्न झाले का?

दोनदा प्रकरण मालकांच्या मतदानापर्यंत गेलं. १९६३ मध्ये १२ विरुद्ध २ असं फेटाळलं गेलं. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर एड रेंडेल आणि पॉट्सव्हिलचे महापौर यांनी जोर लावला. निकाल ३० विरुद्ध २. बाजूने फक्त फिलाडेल्फिया ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स, म्हणजे राज्यातलेच दोन संघ. कार्डिनल्स अर्थातच विरोधात.

कार्डिनल्सना शाप लागलाय म्हणतात...

पॉट्सव्हिलमध्ये असं म्हणायची पद्धत आहे. कार्डिनल्सनी १९४७ नंतर विजेतेपद पाहिलेलं नाही. शिकागोहून ते सेंट लुइसला गेले, तिथून अॅरिझोनाला. २००९च्या फेब्रुवारीत सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचले आणि हरले, तेही पेनसिल्व्हेनियाच्या स्टीलर्सकडून, २३-२७ ने. शाप मी मानत नाही. वाईट व्यवस्थापन पुरेसं असतं.

कोळशाचा करंडक खरंच आहे का?

आहे. लीगने दिला नाही, म्हणून पॉट्सव्हिलने स्वतःच बनवून घेतला: अँथ्रासाइटमध्ये कोरलेला फुटबॉल. त्यावर मरून्स हे १९२५चे एनएफएल आणि जगज्जेते असल्याचं कोरलेलं आहे. गंमत अशी की तो ठेवलाय कँटनमधल्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये. ज्या विजेतेपदाला लीग मानत नाही, त्याचा करंडक व्यावसायिक फुटबॉलच्या मुख्य संग्रहालयात काचेमागे आहे.

ग्रीन बेसारखं छोटं गाव टिकलं, मग पॉट्सव्हिल का नाही?

ग्रीन बे १९२० मध्ये तीस हजारांचं गाव होतं, म्हणजे पॉट्सव्हिलपेक्षा फार मोठं नाही. पॅकर्सही १९१९ला मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीच्या पैशांतून सुरू झालेला गावठी संघ. पण १९२३ मध्ये त्यांनी संघाचे शेअर गावकऱ्यांना विकले. संघ एका डॉक्टरच्या खिशावर न राहता हजारभर खिशांवर आला, आणि तोटा आला की पुन्हा लोकांपुढे झोळी पसरता आली. पुढे मिल्वॉकी शहराचा प्रेक्षकही त्यांना मिळाला.

पॉट्सव्हिलला असं दुसरं शहर नव्हतं. जवळचं मोठं शहर फिलाडेल्फिया, आणि तिथे पाय ठेवल्याचा दंड त्यांनी भरलेला. रविवारच्या कायद्याने दिलेली सोयही कायमची नव्हती. १९३३ला फिलाडेल्फियात रविवारचा खेळ कायदेशीर झाला आणि त्याच वर्षी ईगल्स उभे राहिले. आणि खाली जमीनच सरकत होती. अँथ्रासाइटचं उत्पादन १९१७ला शिगेला पोहोचून उतरू लागलं होतं. १९२५-२६च्या लांबलेल्या संपात लोकांनी घरं तापवायला तेल आणि इतर इंधनं धरली, आणि त्यांतली बरीचशी गिऱ्हाइकं कोळशाकडे परत आलीच नाहीत. संघाला डॉ. स्ट्रीगलपेक्षा चांगला मालक मिळाला असता तरी तिकीट काढणाऱ्याच्या हातात पगार हवा होता. आज पॉट्सव्हिलची वस्ती तेरा हजारांच्या आसपास आहे.